हरकत घ्यायला बेटावर कोणी नव्हतं

कॅरिबियनमध्ये घर आणि पासपोर्ट शोधणाऱ्या मराठी गुंतवणूकदारांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि दुबई मुक्कामी असलेले, कॅरिबियन बेटांवर मालमत्ता घ्यायच्या विचारात असलेले सर्व स्त्री-पुरुष,

सप्रेम नमस्कार.

मी जमिनीचे सर्च रिपोर्ट काढणारा वकील आहे. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, भावकीतल्या भांडणांचे जुने निकाल, यांच्या धुळीत माझा दिवस जातो. गेली काही वर्षं माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत मुळशी, मावळ, अलिबाग यांच्या जोडीला एक नवं नाव दिसू लागलं आहे, ते म्हणजे बार्बुडा. पाठवणारे सगळे ओळखीचेच. कुणी डॉक्टर, कुणी वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखानदार, कुणी दुबईत स्थिरावलेला इंजिनिअर. सोबत जाड गुळगुळीत कागदावरचं ब्रोशर. त्यात गुलाबी झाक असलेली वाळू, उथळ निळं पाणी, लाकडी डेकवर पाय पसरून बसलेलं गोरं जोडपं आणि पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘लीजहोल्ड’, म्हणजे मालकी नव्हे, भाडेपट्टा. मागाहून व्हॉट्सॲपवर ठरलेला प्रश्न येतो, ‘वकीलसाहेब, टायटल क्लिअर आहे ना?’

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहितो.

बार्बुडा म्हणजे अँटिग्वा आणि बार्बुडा या जोडदेशातलं धाकटं बेट. अँटिग्वा आपल्याला व्हिव्ह रिचर्ड्समुळे माहीत होतं. नंतर ते मेहुल चोक्सीमुळे माहीत झालं, तो भाग पुढे येईलच. बार्बुडाचं क्षेत्रफळ साधारण १६० चौरस किलोमीटर, वस्ती दीड-दोन हजारांच्या आत-बाहेर आणि गाव एकच, कॉड्रिंग्टन. सगळ्यात उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरच्या आतच. बाकी चुनखडीचा सपाट खडक, खुरटं रान, पश्चिमेला मोठं खाजण आणि त्यात फ्रिगेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत.

आता टायटल. आमच्या धंद्यात तीस वर्षं मागे जायची पद्धत आहे, इथे जवळपास साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं. १६८५ मध्ये इंग्लंडच्या राजाने हे अख्खं बेट कॉड्रिंग्टन घराण्याला भाडेपट्ट्याने दिलं. भाडं काय, तर मागितलं तर एक धष्टपुष्ट जनावर, असं सांगतात. अँटिग्वात ऊस पिकायचा. बार्बुडाच्या पातळ मातीत तो होत नव्हता, म्हणून इथे गुलामांकडून जनावरं पाळून घेतली, धान्य-कंद पिकवून घेतले, लाकूड तोडून घेतलं. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या सुमाराला कॉड्रिंग्टनांचा पट्टाही संपला. मालक निघून गेले, माणसं राहिली. त्यांनी जमिनीचे तुकडे पाडले नाहीत. गावात घर, रानात पाण्याच्या आधाराने थोडी शेती, उरलेल्या रानात मोकळी जनावरं, खाजणात नि खडकांत शेवंड आणि मासे असा संसार चालला. कागदावर जमीन राजाची होती आणि वहिवाट गावाची. वहिवाटीला आपल्याकडे किती वजन असतं ते तुम्हाला सांगायला नको. निम्मे दिवाणी दावे त्याच एका शब्दावर उभे असतात.

१९८१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा बार्बुडाच्या लोकांना अँटिग्वाबरोबर एका संसारात जायचं नव्हतं. तसं त्यांनी सांगितलंही होतं, पण जावं लागलं. पुढे २००७ मध्ये बार्बुडा लँड ॲक्ट झाला आणि वहिवाट पहिल्यांदा नीट कायद्यात उतरली. बेटावरची जमीन बार्बुडाच्या लोकांची सामायिक, तिची विक्री नाही. बार्बुडन माणसाला घरासाठी, शेतीसाठी आणि धंद्यासाठी जागा वापरायला मिळेल. मोठा प्रकल्प आला तर त्यासाठी बेटावरच्या लोकांची बहुमताने संमती हवी, तिथल्या कौन्सिलची हवी आणि मग मंत्रिमंडळाची.

ब्रोशर पाठवणाऱ्यांपैकी एकाने हे ऐकून मला फोनवर म्हटलं, ‘काय मागासलेपणा आहे हो, जमीन विकताच येत नाही म्हणजे काय!’ हे गृहस्थ स्वतः मावळात शेतजमीन घेण्यासाठी गावाकडच्या चुलत्यांच्या खात्यावर नाव लावून शेतकरी दाखला मिळवून बसलेले आहेत. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परस्पर घेता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. हे कायदे का झाले तेही त्यांना माहीत आहे. पैसेवाल्या बाहेरच्या माणसासमोर अडचणीतला माणूस जमीन टिकवू शकत नाही, एवढं साधं कारण. बार्बुडाने तेच केलं, फक्त एका गावापुरतं नाही तर अख्ख्या बेटापुरतं.

मग ६ सप्टेंबर २०१७ ची पहाट आली. इर्मा चक्रीवादळाचा डोळा थेट बार्बुडावरून गेला, वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या वर. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारतींना तडाखा बसला. दोन वर्षांचं एक मूल दगावलं. पाठोपाठ जोस नावाचं दुसरं वादळ येतंय म्हणून सगळ्यांना बोटींनी अँटिग्वाला हलवलं. जोस बाजूने निघून गेलं, पण बेट रिकामं झालं होतं. तीनशे वर्षांत पहिल्यांदा बार्बुडावर एकही माणूस नाही, असं त्या देशाच्या अमेरिकेतल्या राजदूतांनी, रोनाल्ड सँडर्स यांनी, तेव्हा जगाला सांगितलं. मागे उरली कुत्री, घोडे, गाढवं आणि छपरं उडालेली घरं.

इथून पुढचा क्रम जरा हळू वाचा, कारण माझा सगळा आक्षेप या क्रमावर आहे.

आपण जमीन घेताना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, वहिवाट असल्यास १४ दिवसांच्या आत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा...’ वगैरे. भाषा रुक्ष असली तरी त्यामागचा हेतू चांगला आहे. ज्याचं नुकसान होणार आहे त्याला बोलायची संधी मिळावी. आता कल्पना करा, नोटीस लागली आणि गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्या बेटावर, एका स्टेडियममध्ये नाहीतर नातेवाइकाच्या पडवीत आहे. हरकत घ्यायची कुणी?

लोक अँटिग्वात असतानाच बार्बुडावर बुलडोझर चालू झाले. गावाची घरं उभी करायला नव्हे, तर नव्या मोठ्या विमानतळासाठी रान साफ करायला. ज्या जमिनीवर लोक शेती करत आणि जनावरं सोडत, तिथेच. परत आलेल्या लोकांना छपरावर ताडपत्री मिळायच्या आधी धावपट्टीची रेघ दिसली. आणि डिसेंबर २०१७ मध्ये, बहुतेक बार्बुडन अजून अँटिग्वातच असताना, २००७ च्या कायद्यात दुरुस्ती आली. सामायिक मालकीचा पायाच काढून घेतला आणि फ्रीहोल्डची, म्हणजे खरेदी-विक्रीची वाट मोकळी केली. प्रत्येकाला एक डॉलरमध्ये आपापल्या जागेची मालकी देऊ, असं पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांनी सांगितलं. लोकांचं म्हणणं होतं की जे आमचंच आहे ते आम्ही विकत कशाला घ्यायचं?

विमानतळाविरुद्ध दोन माणसं कोर्टात गेली. जॉन मसिंग्टन, समुद्री जीवशास्त्राचे अभ्यासक आणि शाळेचे मुख्याध्यापक, आणि जॅकलिन फ्रँक, निवृत्त शिक्षिका. अपील कोर्टाने सांगितलं की तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही. म्हणजे विमानतळ बरोबर की चूक हा प्रश्न नंतरचा, आधी तुम्ही कोण? शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जावं लागलं. (आपण हिंदू कायद्याच्या जुन्या निकालांत जी प्रिव्ही कौन्सिल वाचतो, ती त्या देशाचं आजही शेवटचं न्यायालय आहे.) २७ फेब्रुवारी २०२४ ला निकाल आला की हो, यांना दावा लावता येतो. तोवर काम कुठल्या कुठे गेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानतळ सुरू झाला. वर्षानुवर्षं भांडून मिळालं ते बोलायची परवानगी. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मनाई हुकमासाठी धावपळ केली आहे त्यांना यातली कळ समजेल.

आता तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, भावना ठीक आहेत, पण कायदा काय म्हणतो? तर कायदा तुमच्या बाजूने बोलतो, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये, म्हणजे इर्माच्याही आधी, अभिनेता रॉबर्ट डी नीरो आणि ऑस्ट्रेलियन धनाढ्य जेम्स पॅकर यांच्या रिसॉर्टसाठी संसदेने ‘पॅराडाइज फाउंड ॲक्ट’ असा खास कायदा केला. एका खासगी प्रकल्पासाठी अख्खा कायदा! जागा होती जुन्या के क्लब हॉटेलची, जिथे एकेकाळी प्रिन्सेस डायना सुट्टीला यायची, आणि तिच्या लगतची आणखी जमीन. २००७ च्या कायद्यातल्या संमतीच्या अटी या प्रकल्पाला लागू नाहीत, असं ठरवलं. जमिनीच्या कायद्यातल्या बदलांना कोर्टात आव्हान दिलं गेलं. जून २०२२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की बार्बुडन लोकांचे जमिनीवरचे हे हक्क राज्यघटनेने संरक्षण दिलेली ‘मालमत्ता’ या अर्थाने धरता येत नाहीत. संसदेने दिलं, संसदेला बदलता येईल.

या निकालाचा अर्थ एकदा तुमच्या बाजूने लावून बघा. तुम्ही नव्व्याण्णव वर्षांचा लीज केलात, नोंदवलात, तर तुमच्या हातात मालमत्ता आली. कोर्टात उभं राहून ‘माझी’ म्हणता येईल अशी. आणि जिच्या पणजीची पणजी त्या रानात रताळी लावत होती, तिच्या हातात काही नाही. मी निकालाच्या कायदेशीरपणावर बोट ठेवत नाही, तेवढी माझी योग्यताही नाही. पण असल्या टायटलला ‘स्वच्छ’ म्हणायला माझी लेखणी उठत नाही.

सरकारची बाजूही ऐकण्यासारखी आहे, कारण ती अगदीच पोकळ नाही. इर्मानंतर देशाला उभं राहायला बावीस कोटी डॉलरच्या आसपास लागतील असा अंदाज तेव्हाच्या पाहणीत निघाला होता. एवढ्याशा देशाला हा आकडा झेपणारा नाही. बँक कर्ज देते ते गहाणखतावर, आणि सामायिक जमीन गहाण कशी ठेवणार? बेटावर रोजगार नाही, तरुण माणसं अँटिग्वा, न्यूयॉर्क, लंडनला जातात. रिसॉर्ट आले तर बांधकाम, हॉटेल, बोटी, सगळीकडे काम. आजही तिथल्या बांधकामांवर बार्बुडाची माणसं कामाला जातात आणि त्यातली काही या प्रकल्पांच्या बाजूने बोलतात. त्यांना गाढव ठरवण्याचा हक्क पुण्यात पंख्याखाली बसून मला नाही.

पण मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. घर बांधायला कर्ज हवं हे खरं असलं, तरी त्यासाठी अख्ख्या बेटाच्या संमतीचा हक्क काढायला लागत नाही. सहकारी संस्थेच्या जमिनीवर, म्हाडाच्या भाडेपट्ट्यावर आपल्याकडे बँका कर्ज देतातच की. आणि घाई ही माझी मुख्य तक्रार आहे. जो कायदा इतका हितकारक होता, तो लोक घरी परतेपर्यंत, छपरं घालेपर्यंत, एक सभा घेईपर्यंत थांबू शकला असता. न थांबण्याचं कारण मला तरी एकच दिसतं.

पॅल्मेटो पॉइंटकडे वळतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांना तिकडचीच ब्रोशरं येतात. तिथे पीस, लव्ह अँड हॅपिनेस या नावाच्या कंपनीचा बार्बुडा ओशन क्लब आहे. केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यात नाव कमावलेले अमेरिकन उद्योजक जॉन पॉल डीजोरिया यांच्याशी जोडलेला. गोल्फ कोर्स, बंगले, खासगी किनारा. नाव वाचून मी हसलो, ते वकिलाला न शोभणारं आहे, पण प्रेम आणि आनंदाच्या नावाने नोंदवलेली कंपनी लीजवर सही करते हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. असो. हा सगळा पट्टा कॉड्रिंग्टन खाजणाच्या त्या पाणथळ क्षेत्राला भिडलेला आहे, ज्याला २००५ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. खारफुटी, वाळूचे उंचवटे, पक्षी आणि कासवांचा किनारा. त्याआधी कित्येक वर्षं याच पॉइंटवरून बांधकामाची वाळू खणून बाहेर नेली गेली. वाळू उपसल्यावर किनाऱ्याचं काय होतं हे कोकणातल्या माणसाला समजवायला नको.

आता नुसत्या गुंतवणुकीच्या नजरेने बघा. खाजण आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांबच लांब पट्टी होती. गुलाबी वाळूची म्हणून जी छायाचित्रात येते, तीच. इर्माने ती फोडली आणि समुद्र खाजणात शिरला. ब्रोशरमधला तो किनारा निसर्गाने एका रात्रीत कापून दाखवला आहे. तुमचा लीज ९९ वर्षांचा आहे. त्या काळात त्या पाण्यात अशी किती वादळं होतील याचं गणित तुमचा सल्लागार मांडून देतो का? माझ्याकडे आलेल्या कागदांत विम्याचं पान मला एकदाही सापडलेलं नाही.

राहिला पासपोर्ट. तुमच्यातले निम्मे घरासाठी नाहीच, पासपोर्टसाठी उत्सुक आहात. अँटिग्वाने २०१३ मध्ये गुंतवणुकीवर नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. इर्मानंतर काही आठवड्यांतच राष्ट्रीय विकास निधीला द्यायची देणगी दोन लाख डॉलरवरून एक लाखावर आणली, बेटाच्या उभारणीसाठी पैसा हवा म्हणून. वादळाच्या निमित्ताने नागरिकत्वाचा सेल लागला, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये. २०२४ मध्ये रक्कम २,३०,००० डॉलरवर गेली. योगायोग बघा, पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी यांना अँटिग्वाचं नागरिकत्व मिळालं ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, इर्मानंतर दोन महिन्यांनी. छपरं नसलेल्या लोकांच्या देशात त्या वेळी किती तऱ्हेची माणसं ‘घर’ शोधायला येत होती, एवढंच मला दिसतं.

आणि सेमिनारमध्ये चहा-सँडविचबरोबर तुम्हाला जो ‘सेकंड पासपोर्ट’ विकला जातो, तो भारतीय माणसाला दुसरा नसतोच. नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व गेलं. पासपोर्ट जमा करायचा, मग हवं तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं ओळखपत्र, काढायचं. ओसीआयधारकाला भारतात शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. म्हणजे मावळात शेतकरी दाखल्यासाठी दोन पिढ्या खटपट केलेला माणूस बार्बुडाच्या बंगल्यापायी तो हक्क घालवून बसणार. आणखी एक बाब. नुसतं घर घ्यायचं झालं तरी रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात आणि तिकडची मालमत्ता दरवर्षी आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास काळ्या पैशाचा २०१५ चा कायदा आहेच. शिवाय हे पासपोर्ट कुठे चालतील ते दुसरे देश ठरवतात. शेजारच्या डॉमिनिकाच्या पासपोर्टवर ब्रिटनने २०२३ मध्ये व्हिसाची अट घातली, कारण हेच, नागरिकत्वाची विक्री.

ज्यांना हे सगळं वाचूनही पुढे जायचं आहे त्यांनी निदान सल्लागाराला लीजची तारीख विचारावी, सप्टेंबर २०१७ च्या आधीची की नंतरची. बार्बुडा कौन्सिलने त्यावर संमती दिली का, बेटावरच्या लोकांची सभा झाली का आणि तिची इतिवृत्तं बघायला मिळतील का, हे विचारावं. पर्यावरणाचा अहवाल बुलडोझरच्या आधी झाला की मागाहून, हेही. ‘सर, तिथली सिस्टिम वेगळी आहे’ असं उत्तर आलं तर समजून जा. आणि ज्यांना नुसता तो समुद्र बघायचा आहे, त्यांच्यासाठी कॉड्रिंग्टनमध्ये बार्बुडाच्या लोकांनी चालवलेली छोटी पाहुणेघरं आहेत. तिथे राहा, त्यांच्याच बोटीतून फ्रिगेट पक्षी बघा, शेवंड खा, पैसे रोख द्या आणि परत या.

माझ्याकडे पडून असलेल्या बार्बुडाच्या फाइलींवर मी ‘क्लिअर अँड मार्केटेबल’ असं लिहून देणार नाही. फी घेतलेली नाही, त्यामुळे हिशेबाचा प्रश्न नाही. ब्रोशरं आणि कागद ज्यांचे त्यांनी ऑफिसातून घेऊन जावेत. शनिवारी दुपारी दोननंतर ऑफिस बंद असतं, त्याआधी यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सर्च रिपोर्टवाला वकील, पुणे